अँड्रॉइड फोनचे रूटिंग व फर्मवेअर फ्लॅशिंग

अँड्रॉइड फोनच्या कार्यप्रणालीतील सर्वोच्च अधिकार, म्हणजे रूट अधिकार, वापरकर्त्याने स्वतःकडे घेणे म्हणजे रूटिंग. फोनच्या फ्लॅश मेमरीत असलेली प्रणाली पुसून तिच्या जागी दुसरी लिहिणे म्हणजे फ्लॅशिंग. लिहिली जाणारी प्रणाली उत्पादकाची असेल तर तिला स्टॉक रॉम किंवा स्टॉक फर्मवेअर म्हणतात. इतरांनी मुक्त स्रोतातून बांधलेली असेल तर कस्टम रॉम. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत स्टॉक फर्मवेअर पुन्हा भरण्याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ असे म्हणतात. रूटिंग व फ्लॅशिंग या दोहोंच्या आधी पुष्कळदा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो.

बोलण्यात या तिन्ही क्रियांची सरमिसळ होते, पण त्या स्वतंत्र आहेत. उत्पादकाची सही असलेला स्टॉक रॉम बूटलोडर न उघडताही बऱ्याच फोनांत भरता येतो. कस्टम रॉम टाकलेला फोन रूट झालेला असतोच असे नाही आणि रूट करण्यासाठी रॉम बदलावा लागत नाही. फोनची हमी, त्यातील माहिती आणि सुरक्षा यांवर होणारा परिणाम या तिन्हींपैकी कोणती क्रिया केली यावर ठरतो.

रूट अधिकार. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलचा आहे. युनिक्स परंपरेत शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कोणतीही फाइल वाचता, बदलता वा पुसता येते. अँड्रॉइडने ही व्यवस्था वेगळ्या कामाला लावली. फोनवरील प्रत्येक ॲपला १०,००० च्या पुढचा स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक मिळतो, त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याची माहिती वाचता येत नाही. फोनचा मालकही याच कुंपणाच्या आत असतो. रूट अधिकार त्याला मुद्दाम दिलेला नसतो. तो मिळाल्यावर न काढता येणारी ॲप्स काढणे, ॲप्सचा त्यांच्या माहितीसह पूर्ण बॅकअप घेणे, जाहिराती प्रणालीच्या पातळीवर अडवणे, प्रोसेसरचा वेग व बॅटरी चार्जिंगची मर्यादा ठरवणे अशी कामे करता येतात.

बूट साखळी. फोनची अंतर्गत मेमरी अनेक विभागांत वाटलेली असते. बूट विभागात कर्नल, सिस्टिम विभागात अँड्रॉइड, व्हेंडर विभागात चिपसाठीचे ड्रायव्हर, रिकव्हरीत दुरुस्तीची छोटी प्रणाली आणि युजरडेटा विभागात मालकाची माहिती असते. याशिवाय मोडेमचे फर्मवेअर आणि आयएमईआय हा फोनचा ओळख-क्रमांक व रेडिओची जुळणी जपणारे विभाग वेगळे असतात. फोन सुरू होताना चिपमध्येच कोरलेला, न बदलता येणारा कोड पहिल्या बूटलोडरची डिजिटल सही तपासतो, तो पुढच्याची, आणि शेवटचा बूटलोडर कर्नलची. ४.४ या आवृत्तीपासून सिस्टिम विभागाचीही तपासणी करण्याची सोय आली. ‘व्हेरिफाइड बूट’ या नावाने ओळखली जाणारी ही साखळी रूटिंग व फ्लॅशिंगच्या प्रत्येक पद्धतीच्या मुळाशी आहे. एखादी पद्धत साखळी अधिकृतपणे सैल करते, एखादी तिच्यातील दोष शोधून पलीकडे जाते.

अलीकडच्या अनेक फोनांत महत्त्वाचे विभाग ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रतींत असतात. एक प्रत चालू असताना अद्ययावतीकरण दुसरीत लिहिले जाते आणि ते फसले तर फोन जुन्या प्रतीवर परत येतो. अँड्रॉइड १० पासून सिस्टिम, व्हेंडर आदी विभाग ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या विभागात सामावले. त्यामुळे जुन्या फोनसाठी लिहिलेली कृती नव्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

इतिहास. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आला. त्याच्या आरंभीच्या फर्मवेअरमध्ये कीबोर्डवर टंकलेला मजकूर पडद्यामागे रूटच्या अधिकाराने आज्ञा म्हणूनही चालवला जात असे. हा दोष त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उघड झाला आणि रूटिंगची सुरुवात तेथून झाली. २००९ मध्ये स्टीव्ह काँडिक यांनी सायनोजेनमॉड हा कस्टम रॉम सुरू केला. त्यात गूगलची मालकीची ॲप्स अंतर्भूत असल्याने सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने कायदेशीर नोटीस दिली. अँड्रॉइडचा मूळ स्रोत मुक्त असला तरी प्ले स्टोअर, जीमेल, मॅप्स ही ॲप्स तशी नाहीत. तेव्हापासून सायनोजेनमॉडच्या परंपरेतील रॉम या ॲप्सशिवाय दिले जातात आणि ‘जीॲप्स’चे पॅकेज वेगळे भरावे लागते.

२०१३ मध्ये सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ चा वनप्लस वन तिच्या प्रणालीसह विकला गेला. भारतातील हक्क मात्र कंपनीने मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या फोनमालिकेला दिले. त्यातून डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला आणि वनप्लसच्या विक्रीवर काही काळ अंतरिम बंदी आली. २०१६ च्या अखेरीस कंपनीने सायनोजेनच्या सेवा बंद केल्या. स्वयंसेवी विकासकांनी सायनोजेनमॉडचा स्रोत पुढे नेऊन लिनिएजओएस सुरू केला.

मराठी वापरकर्त्यांपैकी काहींनी त्या काळात फोन रूट केले ते लिपीसाठी. अँड्रॉइड २.३ पर्यंतच्या मूळ प्रणालीत देवनागरी टंक नव्हता. मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. रूट करून सिस्टिम विभागात देवनागरी टंक ठेवला की अक्षरे उमटत, पण जोडाक्षरे सुटी पडत आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाई, कारण अक्षरे जुळवण्यासाठी टंकाबरोबर प्रणालीतील स्वतंत्र यंत्रणाही लागते. अँड्रॉइड ४ च्या पिढीत ही उणीव भरून निघाली आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीत मराठी ही मेनूची भाषा म्हणूनही मिळाली.

बूटलोडर अनलॉक. अनलॉक केलेला बूटलोडर उत्पादकाची सही नसलेली प्रणालीही सुरू होऊ देतो. त्यासाठी सेटिंगमध्ये बिल्ड क्रमांकावर ७ वेळा बोट टेकवून ‘डेव्हलपर पर्याय’ उघडतात, ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करतात आणि फोन फास्टबूट अवस्थेत नेऊन संगणकावरून अनलॉकची आज्ञा देतात. या क्षणी युजरडेटा विभाग पूर्ण पुसला जातो. तसे नसते तर चोरलेल्या फोनमध्ये स्वतःची प्रणाली भरून मालकाची माहिती काढणे चोराला सोपे झाले असते. अनलॉक केलेला फोन दर वेळी सुरू होताना सामान्यतः इशारा दाखवतो.

प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते. गूगलने २०१० च्या नेक्सस वनपासून ही सोय उघडपणे दिली. पिक्सेलमध्येही ती आहे, मात्र काही सेवादात्यांकडून विकलेल्या फोनांत ती बंद असते. मोटोरोला काही मॉडेलांसाठी संकेतस्थळावरून कोड देते. शाओमीच्या फोनसाठी कंपनीचे खाते जोडून ठरावीक काळ थांबावे लागते. हुआवेने अनलॉक कोड देणे २०१८ मध्ये बंद केले. अमेरिकेत विकले जाणारे स्नॅपड्रॅगन चिपचे सॅमसंग गॅलेक्सी फोन सामान्यतः अनलॉक होत नाहीत.

रूट करण्याच्या पद्धती. सुरुवातीची पद्धत दोषशोधाची होती. कर्नलमधील त्रुटीचा फायदा घेऊन रूट अधिकार मिळवायचा आणि सिस्टिम विभागात ‘एसयू’ ही फाइल ठेवायची. जून २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ यांनी काढलेले टॉवेलरूट याच जातीचे. कर्नलच्या फ्युटेक्स यंत्रणेतील दोषावर ते चालत असे आणि एका बटणावर फोन रूट करत असे. ज्या दोषातून मालक आत शिरतो त्यातूनच घातक ॲपही शिरू शकते, म्हणून असे दोष सुरक्षा-अद्ययावतीकरणात बुजवले जातात. अनोळखी ‘एका क्लिकमध्ये रूट’ ॲप्स टाळावीत, कारण मिळालेला अधिकार ती स्वतःसाठी वापरत नाहीत हे पडताळण्याचा मार्ग वापरकर्त्याकडे नसतो.

अँड्रॉइड ५.० मध्ये एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचे नियम पूर्णपणे लागू झाले आणि सिस्टिम विभागात फाइल ठेवून भागेनासे झाले. चेनफायर या नावाने काम करणाऱ्या विकासकाने सुपरएसयूमध्ये २०१५ मध्ये सिस्टिम विभागाला हात न लावणारी पद्धत आणली. जॉन वू यांच्या मॅजिस्कने २०१६ पासून ती रूढ केली. यात फोनच्या नेमक्या त्याच आवृत्तीच्या फर्मवेअरमधून बूट प्रतिमा काढतात, मॅजिस्क ॲप तीत आवश्यक बदल करते आणि ती फास्टबूटने परत लिहितात. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या अनेक फोनांत हा बदल ‘इनिट बूट’ या वेगळ्या विभागात होतो. कोणत्या ॲपला रूट द्यायचे हे मालक ठरवतो. मूळ बूट प्रतिमा परत लिहिली की रूट जाते. कर्नलएसयू या पद्धतीत अधिकाराचा निर्णय थेट कर्नलमध्ये होतो.

स्टॉक फर्मवेअर भरणे. फोन सुरू होताना लोगोवरच अडकणे, फसलेले अद्ययावतीकरण, किंवा कस्टम रॉमवरून मूळ प्रणालीकडे परतणे ही याची नेहमीची कारणे. साधने चिपनुसार व कंपनीनुसार बदलतात. गूगल आपल्या फोनसाठी फॅक्टरी प्रतिमा उपलब्ध करून देते. सॅमसंगचे फोन डाउनलोड मोडमध्ये नेऊन ओडिन या प्रोग्रॅमने भरतात. त्यात बूटलोडर, प्रणाली, मोडेम आणि प्रदेशाची जुळणी अशा चार फाइली असतात. चौथ्या जागी ‘होम सीएससी’ दिल्यास माहिती टिकते, साधी ‘सीएससी’ दिल्यास पुसली जाते. मीडियाटेक चिपसाठी एसपी फ्लॅश टूल वापरतात. कोणता विभाग मेमरीत कोठे आहे हे त्याला स्कॅटर फाइल सांगते. त्यातील ‘सर्व फॉरमॅट करून डाउनलोड’ हा पर्याय आयएमईआय जपणारा विभागही पुसतो, म्हणून तो निवडू नये.

फाइल मॉडेल क्रमांकाशी तंतोतंत जुळली पाहिजे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन फोनांत चिप वेगळी असू शकते. नव्याहून जुन्या आवृत्तीवर जाताना पुनरागमन-प्रतिबंध तपासावा लागतो. फोनने नोंदवलेल्या पातळीखालचा बूटलोडर काही फोन नाकारतात, तर काही तो लिहिल्यावर बंद पडतात.

कस्टम रॉम. उत्पादकाने अद्ययावतीकरण थांबवल्यावरही सुस्थितीतील फोन वापरात ठेवणे हा कस्टम रॉमचा सर्वांत मोठा उपयोग आहे. २०११ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस २ ला कंपनीने ४.१ पर्यंत आणून सोडले. लिनिएजओएसने तो ७.१ पर्यंत नेला. विंडोज मोबाइलसह विकल्या गेलेल्या एचटीसी एचडी २ वरही विकासकांनी अँड्रॉइड चालवले. कर्नलच्या जीपीएल परवान्यामुळे उत्पादकाला कर्नलचा स्रोत खुला करावा लागतो आणि त्यावरच हे काम उभे राहते. कॅमेऱ्यासारख्या भागांचे ड्रायव्हर मात्र बंदिस्त राहतात, म्हणून कस्टम रॉममध्ये छायाचित्रांचा दर्जा घटलेला आढळतो. अँड्रॉइड ८ मधील ट्रेबल रचनेने व्हेंडरचा भाग वेगळा काढला आणि अनेक फोनांवर चालणारी एकच सामायिक सिस्टिम प्रतिमा शक्य झाली.

रॉम भरण्यासाठी टीडब्ल्यूआरपी ही कस्टम रिकव्हरी किंवा त्या रॉमची स्वतःची रिकव्हरी आधी लिहितात, जुनी माहिती पुसतात, रॉम भरतात आणि जीॲप्स हवी असल्यास पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच भरतात. पिक्सेल फोनांसाठीच्या ग्राफीनओएसमध्ये बूटलोडर त्या प्रणालीच्या स्वतःच्या चावीने पुन्हा लॉक करता येतो, त्यामुळे बूट साखळी अखंड राहते. इतर बहुतेक फोनांत बदललेली प्रणाली तशीच ठेवून बूटलोडर लॉक केल्यास फोन सुरूच होत नाही.

बिघाड व सुटका. फोन लोगोशी फिरत राहिला तर त्याला बूटलूप म्हणतात. फास्टबूट वा रिकव्हरी उघडत असेल तोवर तो सुधारता येतो. काहीच प्रतिसाद न देणारा फोन ‘ब्रिक’ किंवा ‘डेड’ समजला जातो. क्वालकॉम चिपमध्ये ईडीएल ही आपत्कालीन अवस्था चिपच्या कोरीव कोडमध्येच असते, म्हणून बूटलोडर पुसला गेला तरी ती शिल्लक राहते; मात्र तिला उत्पादकाची सही असलेला प्रोग्रॅमर लागतो. दुरुस्ती कारागीर बोर्डावरील टेस्ट पॉइंट जोडून फोन या अवस्थेत नेतात. फ्लॅशिंगपूर्वी माहितीचा बॅकअप, किमान अर्धी चार्ज बॅटरी, चांगली केबल आणि त्याच मॉडेलचे पूर्ण स्टॉक फर्मवेअर हाताशी असणे ही पूर्वतयारी बहुतेक बिघाड टाळते.

सुरक्षा व आर्थिक व्यवहार. एखाद्या ॲपला चुकून रूट दिले तर ॲप्समधील कुंपण त्याच्यापुरते नाहीसे होते. अनलॉक केलेला फोन हाती पडलेल्याला त्यात फेरफार केलेली प्रणाली लिहिता येते. या कारणांनी बँकांची व यूपीआयची अनेक ॲप्स अशा फोनवर चालण्यास नकार देतात. फोनची स्थिती तपासण्यासाठी आधी गूगलची सेफ्टीनेट ही सेवा वापरात होती, आता प्ले इंटिग्रिटी वापरतात. तिची कडक पातळी चिपमधील सुरक्षित भागाकडून बूटलोडरच्या स्थितीची सही घेते, त्यामुळे रूट लपवण्याचे उपाय फार काळ टिकत नाहीत. काही फोनांत वाइडवाइन या चित्रपट-संरक्षण यंत्रणेची पातळी उतरून चित्रपट उच्च दर्जात दिसत नाहीत. सॅमसंगच्या फोनात अनधिकृत प्रणाली लिहिल्यास नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेचा ई-फ्यूज कायमचा जळतो. स्टॉक रॉम परत भरला तरी सिक्युअर फोल्डर चालत नाही. पैशाच्या व्यवहारांचा एकुलता एक फोन रूट न करणे शहाणपणाचे ठरते.

कायदा. अमेरिकेत २०१० मध्ये फोन रूट करण्यासारख्या मोकळीकीला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. भारतात स्वतःचा फोन रूट करण्यावर थेट बंदी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडण्याला लागू होते. हमी राहील की नाही हे कंपनीच्या अटींवर ठरते. आयएमईआय बदलणे मात्र गुन्हा आहे. २०१७ च्या नियमांनी उत्पादकाव्यतिरिक्त कोणीही हा १५ अंकी क्रमांक जाणूनबुजून बदलणे, पुसणे वा दडवणे बेकायदा ठरवले. फ्लॅशिंगमध्ये क्रमांक नाहीसा झाला तर तो पूर्ववत करण्यासाठी आधी घेतलेला त्या विभागाचा बॅकअप किंवा कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र हे योग्य मार्ग आहेत.