शिल्डेड केबल घेण्यापूर्वी अर्थिंग तपासा

घरात किंवा कार्यालयात संगणकांचे जाळे उभारताना 'शिल्डेड' केबल हमखास चांगली, असा समज ग्राहकांमध्ये रूढ आहे. त्यासाठी जास्तीचे पैसेही मोजले जातात. मात्र या केबलचे धातूचे वेष्टन जमिनीशी जोडले गेले आहे का, हे क्वचितच पाहिले जाते.

नेटवर्क केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. बाहेरचा विद्युत-चुंबकीय व्यत्यय जोडीतील दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला बऱ्याच अंशी वजा होतो. हा पीळ हेच पहिले संरक्षण होय. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात सिडकोतील सदनिकेत वा गुलमंडीवरील दुकानात साध्या 'कॅट ६' केबलने काम भागते. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग यंत्रे, मोठ्या मोटारी आणि त्यांचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांच्या शेजारून केबल न्यायची असेल, तर शिल्डेड केबलचा विचार अवश्य करावा.

केबलवरील अक्षरे वाचणे अवघड नाही. तिरप्या रेषेपूर्वीचे अक्षर सर्व तारांभोवतीचे वेष्टन सांगते, तर नंतरचे प्रत्येक जोडीवरचे. 'एफ/यूटीपी' म्हणजे सर्व जोड्यांवर मिळून एक पातळ पत्रा. 'एस/एफटीपी' म्हणजे प्रत्येक जोडीवर पत्रा आणि बाहेरून तारांची जाळी.

खरी गोम कनेक्टरमध्ये आहे. वेष्टन धातूच्या आवरणाच्या आरजे-४५ कनेक्टरला, तेथून पॅच पॅनेल व रॅकला आणि रॅक अर्थिंगला, अशी साखळी अखंड हवी. मध्येच प्लास्टिकचा कनेक्टर लावला की ती तुटते. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या राउटरला तर अर्थिंगच नसते. अशा वेळी लटकते राहिलेले वेष्टन अँटेनासारखे वागू शकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोधही वाढतो. कोळसा-मिठाच्या जुन्या खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण मात्र बिघाड झाल्यावरच होते.

वेष्टनापेक्षा तांब्याची शुद्धता महत्त्वाची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मानकांत बसत नाही. तिचा रोध अधिक असतो आणि केबलमधूनच वीज घेणारे सीसीटीव्ही कॅमेरे त्यावर दगा देतात. तार ब्लेडने खरवडल्यास आतील पांढरा धातू दिसतो.

सेकंदाला १ गिगाबिट वेगासाठी 'कॅट ५ई' पुरते. १० गिगाबिटसाठी 'कॅट ६' सुमारे ५५ मीटरपर्यंत, तर 'कॅट ६ए' १०० मीटरपर्यंत चालते. केबल विजेच्या तारांपासून दूर ठेवावी, ओलांडावी लागलीच तर काटकोनात. दोन स्वतंत्र इमारती जोडताना मात्र शिल्डेड केबलही टाळावी. दोन्हीकडील अर्थिंगच्या दाबात फरक असल्यास वेष्टनातून प्रवाह वाहू लागतो, शिवाय विजा कोसळण्याचा धोका असतोच. तेथे ऑप्टिकल फायबरच टाकावे.