अपशब्दांचे मोल

अपशब्द हा विषय साहित्यविषयक नियतकालिकात यावा काय, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या समाजाने कोणत्या शब्दाला कान झाकले आणि कोणता शब्द हसत ऐकून घेतला, हे पाहिले म्हणजे त्या समाजाने काय पवित्र मानले होते व कोणाची पर्वा केली नव्हती, याचा उलगडा होतो. या दृष्टीने इंग्लंडचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. कारण तेथे या प्रकरणाची नोंद कायद्यात, नाट्यगृहाच्या दप्तरात आणि पुढे दूरचित्रवाणीच्या कारभारातही राहिली आहे.

सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांना भीती होती ती देवनिंदेची. १६०६ साली पार्लमेंटने कायदा करून, नटाने रंगभूमीवर थट्टेने ईश्वराचे नाव उच्चारल्यास १० पौंड दंड ठरविला. शरीरविषयक ग्राम्य विनोदाला या कायद्याने हात लावला नाही. खोटी वा व्यर्थ शपथ घेणे हेच त्या काळचे मोठे वाक्‌पाप होते. पुढे १७४५ च्या कायद्याने सर्वसामान्य नागरिकांसाठी दंडाचे दर दर्जानुसार बांधून दिले. मजूर, साधा शिपाई वा खलाशी यांस १ शिलिंग. त्यांहून वरचा परंतु ‘जंटलमन’ नव्हे अशास २ शिलिंग. आणि जंटलमन वा त्याहून श्रेष्ठ असल्यास ५ शिलिंग. दुसऱ्या अपराधास दुप्पट, तिसऱ्यास तिप्पट. वेतनश्रेणीच्या कोष्टकांत आयुष्य काढणाऱ्या आम्हां मंडळींस हे दरपत्रक वाचून हसू येईल. पण ज्याचा दर्जा मोठा त्याची वाणीविषयक जबाबदारीही मोठी, हे त्यातील तत्त्व हसण्यासारखे नाही. हा कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला.

मधल्या काळात भीतीचे स्थान बदलले. एकोणिसाव्या शतकात धर्मशपथांची धार बोथट झाली आणि शरीर व कामव्यवहार यांचे शब्द निषिद्ध ठरले. सभ्यपणा हा वर्गाचा बिल्ला बनला. म्हणूनच १९१४ साली लंडनमध्ये बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात फुले विकणाऱ्या मुलीने नव्याने कमावलेल्या उच्चभ्रू उच्चारांत ‘ब्लडी’ हा शब्द काढला, तेव्हा प्रेक्षागृहात हास्याचा कल्लोळ उडाला आणि वृत्तपत्रांनी गहजब केला. नाटकांना त्या काळी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याची पूर्वसंमती लागे; ती या शब्दासह मिळाली होती. शब्द रस्त्यावरचाच होता. तो दिवाणखान्यात आला एवढाच त्याचा अपराध. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ मराठीत आणली, हे वाचकांस ठाऊकच आहे.

दूरचित्रवाणीने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. नाटकास मनुष्य तिकीट काढून आपल्या पायांनी जातो. दूरचित्रवाणी घरात येते, आणि आजी, सून, नातू एकाच वेळी तिच्यासमोर बसलेले असतात. बी. बी. सी.ने १९४० नंतरच्या दशकाअखेरीस मनोरंजन विभागासाठी एक मार्गदर्शिका काढली होती. देवाचे नाव उद्गारार्थी घेऊ नये, ‘डॅम’, ‘हेल’, ‘ब्लडी’ हे शब्द गाळावेत, अशा आज्ञा तीत होत्या. परिपत्रकाची ती भाषा आमच्या ओळखीची आहे.

१३ नोव्हेंबर १९६५ रोजी नाट्यसमीक्षक केनेथ टायनन यांनी प्रत्यक्ष प्रक्षेपण चालू असता, रंगभूमीवरील नियंत्रणाच्या चर्चेत, इंग्रजीतील सर्वांत निषिद्ध मानलेला शब्द शांतपणे उच्चारला. पार्लमेंटात निषेधाचे ठराव मांडले गेले, बी. बी. सी.ने खेद व्यक्त केला. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने आदल्या वर्षीच दूरचित्रवाणीच्या शुद्धीकरणाची चळवळ आरंभिली होती. तिला या घटनेने बळ चढले. तथापि १९६८ साली नाटकांवरील पूर्वनियंत्रणच उठले. १ डिसेंबर १९७६ रोजी ‘सेक्स पिस्टल्स’ या तरुण गायकवृंदाने सायंकाळच्या कार्यक्रमात शिव्या दिल्या. मुलाखतकार बिल ग्रंडी यांनीच त्यांस चेतविले होते, आणि त्यांस दोन आठवडे निलंबित करण्यात आले. शिवी देणाऱ्यांची मात्र कीर्ती झाली.

येथवरची कथा बंधने सैल होत गेल्याची आहे, आणि पुष्कळ लोक ती येथेच थांबवितात. आमच्या मते ती अपुरी आहे. १९६६ पासून ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ही विनोदी मालिका गाजू लागली. तिचा नायक हेकेखोर, आणि हिंदी, पाकिस्तानी व कृष्णवर्णीय लोकांविषयी तुच्छतेने बोलणारा. लेखकाचा हेतू त्याची टर उडविण्याचा होता. शुद्धीकरणवाद्यांचा मोठा रोष मात्र ‘ब्लडी’च्या पुनरुक्तीवर होता. ज्या शब्दाने कोणाचेही नुकसान होत नव्हते त्याची तक्रार झाली. ज्या शब्दांनी शेजारच्या घरातील मनुष्य माणसांतून उठत होता, ते अनेकांनी हसण्यावारी नेले. आज चित्र उलटे आहे. ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेने २०१६ व २०२१ साली केलेल्या लोकमत-पाहणीत साध्या शिव्यांविषयी सहनशीलता वाढलेली आढळली, परंतु वंश वा अन्य भेदांवरून हिणविणारे शब्द लोकांस अत्यंत असह्य वाटू लागले आहेत. देव, देह, आणि आता माणसाची प्रतिष्ठा, असा हा तीन टप्प्यांचा प्रवास आहे.

आपल्याकडे काय? कोकणात व गोमंतकात शिलाहार काळापासूनचे ‘गद्धेगाळ’ आढळतात. दान दिलेल्या भूमीस जो बाधा आणील, त्याच्या घरच्या स्त्रीस गाढवाचा संग घडो, अशी शापवाणी राजाज्ञेच्या दगडावर कोरलेली असे. शिवी अशी सरकारी लेखाचा भाग होती! पण अपराध पुरुषाचा आणि विटंबना त्याच्या आईची, ही रीत दगडावरून उतरून आपल्या जिभेवर आजही आहे.

१९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर नाट्यपरिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले व जिंकले. १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉलेज रोमान्स’ या मालिकेविषयी निर्णय देताना, शिवराळपणा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे म्हटले. दुसरीकडे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाति-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुतः अपमान करणे हा गुन्हा ठरविला, आणि २०१५ च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. कायद्याची दिशाही तीच आहे.

आम्ही परप्रांती नोकरी करणारे लोक स्वतःस सुसंस्कृत समजतो. दूरचित्रवाणीवर एखादा आईबहिणीवरचा शब्द आला की मुलांसमोर आवाज बंद करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच मुलांसमोर आम्ही जातींच्या नावांच्या जुन्या म्हणी सहज वापरतो. कार्यालयातील सहकाऱ्याचा उल्लेख त्याच्या नावाऐवजी ‘मद्रासी’ वा ‘बिहारी’ असा करतो. आणि ईशान्येकडील शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठेवलेली नावे हसत ऐकतो. तेथे आवाज बंद करावा असे कोणास सुचत नाही. शब्द ओंगळ आहे काय, हा प्रश्न दुय्यम होय. तो कोणावर पडतो आणि त्या मनुष्यास उत्तर देण्याची सोय आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. १७४५ च्या कायद्याने वरच्या दर्जाच्या माणसाकडून अधिक दंड घेतला. हे तत्त्व आपण आपल्यापुरते स्वीकारण्यास हरकत नसावी.