टाळेबंदीतला संसार, खर्चाच्या वहीतून

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिका समितीने मला 'काहीतरी इतिहासाचं लिहा' असे सांगितले. जागा कशी मिळाली, कर्ज कसे उभे केले, पहिली टाकी कधी बांधली, यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार सभासद आहेत. म्हणून मी असा विषय घेतला, ज्याची नोंद आपल्या प्रोसिडिंग बुकात जवळजवळ नाही. तो म्हणजे २०२० सालची टाळेबंदी आणि त्या काळात घराघरात काय शिजलं, काय शिवलं, काय साठवलं. सभाच भरत नव्हत्या, मग नोंद कुठून होणार?

माझ्याकडे मात्र एक कागद आहे. बँकेत नोकरीला लागल्यापासून मी घरखर्चाची वही ठेवत आलो. रोज रात्री जेवण झालं की दहा मिनिटं वही. घरातली मंडळी थट्टा करतात, पण टाळेबंदीची हकीकत सांगायला आज तीच उपयोगी पडते आहे.

आधी तारखा नीट लावून घेऊ, कारण चार-पाच वर्षांतच लोकांच्या मनात त्यांची सरमिसळ झाली आहे. पुण्यात पहिले रुग्ण सापडले ९ मार्च २०२० रोजी. २२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला आणि संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. २३ मार्चला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. मुदत आधी ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत वाढत गेली. जूनपासून एकेक गोष्ट उघडू लागली, पण देवळं उघडायला दिवाळीचा पाडवा, म्हणजे १६ नोव्हेंबर उजाडला. त्या वर्षी श्रावणात आपल्या घोडेगावातून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता जितका मोकळा होता, तितका मी जन्मात पाहिला नाही.

त्या पाडव्याला गुढी उभी राहिली, पण पुष्कळ घरांत साखरेची गाठी नव्हती. कुणी गुळाचा खडा बांधला, कुणी घरीच पाक करून वाटीत गाठी पाडली. टाळेबंदीतल्या घरगुती उद्योगाला आपल्याकडे सुरुवात झाली ती अशी.

आता वहीकडे वळतो. एप्रिल २०२० च्या पानावर पेट्रोलचा रकाना कोरा आहे. इस्त्री, केस कापणे, एसटी भाडे, लग्नाचा आहेर, यात्रेची वर्गणी, सगळे कोरे. त्याच पानावर तेल, गूळ, शेंगदाणे आणि गॅस यांचे आकडे मात्र वाढलेले आहेत. कारण सरळ आहे. आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी राहत होतो त्या घरात पुण्याहून मुलगा, सून आणि दोन नातवंडं येऊन राहिली. दोन महिने पुरणारा सिलिंडर तीन आठवड्यांत संपू लागला. लोक म्हणतात टाळेबंदीत खर्च वाचला. तो बाहेरचा वाचला, चुलीवरचा वाढला. आणि चुलीवरचा आवरायचं काम कुणाच्या वाट्याला आलं, हे सांगायला वहीची गरज नाही.

'कोंड्याचा मांडा करणे' ही म्हण आमच्या पिढीने ऐकलेली. आपल्या नातवंडांनी ती डोळ्यांनी पाहिली. दोडका सोलला की शिरांची चटणी. दुधीच्या सालींची चटणी. फ्लॉवरचे दांडे आमटीत. कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, उरलेल्या भाताची फोडणी, शिळी भाकरी ताकात. भाजी नसली की हुलग्याचं पिठलं नाहीतर शेंगोळे. शेंगोळे हे तर आपल्या जुन्नर-आंबेगावचं भूषण. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं, हातावर वळून वेटोळी करायची आणि उकळत्या आधणात सोडायची. पिठानेच रस्सा दाट होतो, वेगळं वाटण लागत नाही. एका भांड्यात जेवण तयार, गॅसही कमी. माझ्या सूनबाईने हे मोबाईलवर शोधायला घेतलं होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मोबाईल ठेव. हात पुढे कर." मुलांची हौसही होतीच. बिस्किटांचा चुरा करून कुकरमध्ये केक झाले, फेसाळ कॉफीसाठी तास-तास चमचे फिरले. केक एकदा बसला, तो आम्ही दुधात कुस्करून खाल्ला. वाया काही घालवायचं नाही, हा नियमच होता.

टाळेबंदी नेमकी चैत्र-वैशाखात आली, म्हणजे वाळवणाच्या दिवसांत. एरवी निम्म्या घरांत कुरडया-पापड विकत येतात. त्या वर्षी आपल्या गच्चीवर पाळ्या लागल्या. एका दिवशी दोनच घरं, तीही दोन टोकांना. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा आणि हिंग-मीठ घालून तो गुठळी न होऊ देता शिजवायचा. ढवळायला मनगटात जोर लागतो. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या जावयांनी आणि मुलांनी त्या वर्षी तो जोर लावला, हे मी पाहिलेलं आहे. सांडगे, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या असं सगळं झालं. द्राक्षांचा हंगाम होता आणि व्यापारी येईनात, म्हणून नारायणगाव पट्ट्यातले बागाईतदार टेंपोत माल घालून गावोगाव फिरत होते, काहींनी बेदाणा केला. आपल्या गच्चीवरही चार घरांनी द्राक्षं वाळवली.

दुधाचंही तसंच. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडल्याने दूध अंगावर आलं. राज्य सरकारने रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. आपल्या गेटवर येणारा दूधवाला 'थोडं जास्त घ्या' म्हणून विनवायचा. मग घरोघरी पनीर, खवा, साजूक तूप. तुपाच्या बेरीत साखर घालून मुलांना दिली, तेव्हा नातू म्हणाला, "हे कुठल्या दुकानात मिळतं?"

आणि मास्क! सुरुवातीला मेडिकलमध्ये मास्क मिळेना. आपल्या सोसायटीत शिवणयंत्र असलेली घरं मोजकीच. त्या भगिनींनी जुन्या सुती साड्या आणि धोतरं धुऊन, उकळून, तीन पदरी मास्क शिवले. इलॅस्टिक संपलं तेव्हा परकराच्या नाड्या लावल्या. राज्यभर बचत गटांच्या बायकांनी हेच काम केलं आणि त्यातून चार पैसेही मिळवले. उरलेल्या चिंध्या वाया गेल्या नाहीत, त्यांच्या गोधड्या झाल्या. धावदोरा घालायला बसलेली आजी आणि शेजारी ऑनलाइन शाळेला बसलेला नातू हे चित्र तेव्हा घरोघर दिसे. आमच्या घरातली गोधडी अजून वापरात आहे. तिच्यात माझा एक बँकेतला शर्टही आहे.

हे सगळं गोड वाटतं. पण इतिहास लिहायचा म्हटलं की हिशोबाची दुसरी बाजूही लिहावी लागते.

माझ्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला चव नव्हती. दुष्काळी कामांवर लोक खडी फोडत आणि सुकडी खाऊन दिवस काढत. त्याही आधी, १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या आणि प्लेगच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. १९७२ ला शिवारात दाणा नव्हता. २०२० ला कोठारं भरलेली होती, शिवारात भाजी होती, गोठ्यात दूध होतं. थांबले होते ते रस्ते आणि हात. म्हणून ज्याच्याकडे पेन्शन किंवा पगार होता, त्याच्यासाठी टाळेबंदीतली काटकसर ही काटकसर राहिली. ज्याचं पोट रोजच्या हातावर होतं, त्याच्यासाठी ती टंचाई झाली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर काटकसर करणाऱ्याच्या खात्यात शिल्लक असते. खातं रिकामं असलेल्याला आपण काटकसरी म्हणू नये.

आपल्याच तालुक्यात बघा. मुंबईच्या डबेवाल्यांमध्ये मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुसऱ्याच्या घरचं जेवण वेळेवर पोचवणारी ही माणसं मार्चमध्ये डबे ठेवून गावी आली आणि महिनोन्‌महिने बिनकामाची बसली. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, यात्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. त्या वर्षी यात्राच नव्हत्या, फडांचा अख्खा हंगाम बुडाला. पश्चिमेकडच्या आदिवासी भागात उन्हाळ्यात हिरडा हेच रोख पैशाचं साधन. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि हिरड्याची झाडं मोडली, घरांचे पत्रे उडाले.

सरकारने काही केलं नाही असं नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. महिलांच्या जनधन खात्यावर एप्रिल ते जून महिना ५०० रुपये आले. खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे ३ एप्रिलपासून दिवस वाटून दिले होते, तरी बँकांच्या दारात उन्हात रांगा लागल्या. खडूच्या वर्तुळात उभ्या राहिलेल्या त्या बायाबापड्या मला अजून दिसतात. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची सवलत दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. तेव्हा सोसायटीतल्या तरुणांना मी एकच सांगत होतो: "बाबांनो, हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. जमत असेल तर भरा." ज्यांचा पगार बंद झाला होता, त्यांना मात्र हा सल्ला देण्यात अर्थ नव्हता.

आणि आता आपल्या गेटच्या आतली गोष्ट. धुणीभांडी, केरवारा करणाऱ्या मावशींना २३ मार्चपासून आत येणं बंद झालं. त्यांचा पगार द्यायचा की नाही? काही घरांनी पूर्ण दिला, काहींनी अर्धा दिला, काहींनी 'काम नाही तर पैसे कसले' म्हटलं. कुणी काय केलं त्यांची नावं मी लिहिणार नाही. पण एवढं लिहून ठेवतो की त्या मावशींपैकी एकीच्या घरी तीन माणसांची कमाई एकाच आठवड्यात थांबली होती. आपण कलिंगडाच्या गराची थालीपिठं कौतुकाने खात होतो, तेव्हा त्या घरात रेशनचा तांदूळ आणि मीठ एवढंच होतं. हे मला तिनेच नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता.

मे महिन्यात मुंबईहून एक कुटुंब आपल्याकडे परत आलं, तेव्हा गेटवर दोन तास वाद झाला. भीती सगळ्यांनाच होती. अखेर ते १४ दिवस घरात बंद राहिले. पहिले दोन दिवस त्यांच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनींनी उंबऱ्याबाहेर स्टुलावर डबा ठेवला. मग रोज वेगवेगळ्या घरचा डबा येऊ लागला. वाद घालणाऱ्यांच्या घरचाही आला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्यातली दोन माणसं गेली आणि खांदा द्यायलाही कुणाला जाता आलं नाही, तेव्हा ही डब्यांची सवय उपयोगी पडली. त्या दोन्ही घरांत तेरा दिवस चूल पेटवावी लागली नाही.

हे सगळं आज का लिहिलं? एक तर बायकांनी केलेल्या त्या कामाची कुठेच नोंद नाही, ती व्हावी म्हणून. माझ्या वहीत तेला-गुळाचा भाव आहे, पण चीक ढवळणाऱ्या मनगटाचा भाव नाही. त्या तीन महिन्यांत घरातल्या बाईची कामं दुप्पट झाली आणि सुट्टी एकही नव्हती. दुसरं म्हणजे, पुन्हा असा प्रसंग आला तर आपण काय करू, हे सुखाच्या दिवसांत ठरवलेलं बरं.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घरातून टाळेबंदीतला एक पदार्थ किंवा एक युक्ती, करणाऱ्या बाईच्या किंवा बुवाच्या नावासह, एका वहीत लिहून घ्यावी आणि ती सोसायटीच्या कार्यालयात ठेवावी. दुसरी, येत्या वार्षिक सभेत ठराव करून एक छोटा अडचण निधी सुरू करावा. सभासदामागे महिन्याला एका चहाचे पैसे पुरेत. आपल्याकडे राबणाऱ्या वॉचमनदादांना, सफाईवाल्यांना, मावशींना अशा बंदच्या काळात त्यातून पगार मिळावा. थेंबे थेंबे तळे साचते, हे बँकेतल्या माणसाने सांगायची गरज नाही, पण सांगतो. ठराव मांडायला मी तयार आहे, अनुमोदक हवा आहे.