भूमितीचें गुपित आणि इमारतीची प्रतिकृति

इमारत जमिनीवर उभी राहण्यापूर्वीं ती कागदावर उभी करावी लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. हल्लीं ती संगणकांत उभी करूं लागले आहेत. या विद्येस 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' म्हणतात. ती स्थापत्याच्या विद्यार्थ्यांस कशी शिकवावी, हा प्रश्न नवा दिसतो. पण त्याचें मूळ सव्वादोनशें वर्षांपूर्वींचें आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गास्पार मोंज हा तरुण फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी शाळेंत नोकरीस होता. शत्रूच्या तोफांपासून किल्ल्याचा बचाव व्हावा म्हणून तटाची आंखणी करावयाची, तर त्या काळीं लांबलचक आंकडेमोड करावी लागे. मोंजनें तें काम केवळ रेखाकृतींनीं इतक्या लवकर उरकलें कीं, वरिष्ठानें प्रथम तें तपासण्यासच नकार दिला. पुढें खात्री पटली, तेव्हां तीच रीति लष्करी गुपित ठरली! राज्यक्रांतीनंतर, १७९५ सालीं, पॅरिस येथें मोंजला ती उघडपणें शिकवितां आली, आणि १७९९ मध्यें तीं व्याख्यानें ग्रंथरूपानें निघालीं. घन वस्तु सपाट कागदावर अचूक उतरविण्याची ही भूमिति मग देशोदेशींच्या अभियंत्यांच्या शिक्षणाचा पाया झाली. सरकारी बांधकामखात्यास हाताखालचीं माणसें पुरविण्यासाठीं पुण्यास १८५४ सालीं जो वर्ग निघाला व ज्याचें पुढें कॉलेज झालें, तेथील पिढ्यांनींही पेन्सिल आणि फळा यांवरच हात बसविला.

परंतु कागदांत एक मूळचाच दोष होता. अमेरिकेंतील कार्नेगी-मेलन विद्यापीठाच्या चार्ल्स ईस्टमन यांनीं तो १९७५ सालीं स्पष्ट मांडला. एकच भिंत नकाशांत, दर्शनी चित्रांत व छेदांत पुनःपुन्हां काढावी लागते. एके ठिकाणीं केलेला फरक दुसरीकडे राहून गेला कीं चूक झालीच. म्हणून इमारतीचें एकच वर्णन संगणकांत ठेवावें आणि हवीं तीं चित्रें त्यांतून काढावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. अशा प्रतिकृतींत भिंत ही दोन रेषा राहत नाहीं; तिची जाडी, तिचा माल, तिचा खर्च, ती कधीं बांधावयाची तो दिवस, हें सारें तिच्यासवें नांदतें. ब्रिटनमध्यें केंद्र सरकारच्या बांधकामांस २०१६ पासून ही पद्धति आवश्यक झाली. आपल्या नागपूरच्या मेट्रोच्या उभारणींतही तिचा उपयोग झाला.

आतां शिकविण्याकडे वळूं. एका विद्यार्थ्यानें आम्हांस दुमजली घराची सुबक प्रतिकृति दाखविली. तुळया आणि नळ यांची कोठेंही टक्कर होत नाहीं, असा निर्वाळा यंत्रानें दिला होता. पण जिना चढणाऱ्या माणसाचें डोकें वरच्या तुळईस लागलें असतें! माणसाच्या उंचीची अट त्यानें यंत्रास सांगितलीच नव्हती. कारण ती त्याच्याही मनांत नव्हती. दोष यंत्राचा नव्हे, आणि त्या मुलाचाही नव्हे. आम्हीं त्याला कळा दाबावयास शिकविलें होतें, जिना पाहावयास शिकविलें नव्हतें.

प्रतिकृति एकट्यानें करावयाची वस्तुही नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठानें १९९३ सालीं सुरू केलेल्या एका अभ्यासक्रमांत वास्तुकलेचे, रचनाशास्त्राचे आणि बांधकाम-व्यवस्थेचे विद्यार्थी एकाच संघांत बसवून एकच इमारत करावयास दिली. एकाचा निर्णय दुसऱ्यास कसा अडवितो, हें तेथें आपोआप कळतें. आमच्याकडे या तीन शाखांचे विद्यार्थी बहुधा पदवीच्या दिवशींच एकत्र येतात.

म्हणून प्रथम पेन्सिल, मग प्रत्यक्ष बांधकामावरची पायपीट, आणि त्यानंतर संघानें केलेली प्रतिकृति, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो. मोंजची रीति विद्या झाली, ती तिच्यामागील कारण कोणासही तपासतां येऊं लागलें तेव्हां. ज्या विद्यार्थ्यास कळ ठाऊक आहे पण कारण ठाऊक नाहीं, त्याच्यापुरती ती विद्या पुन्हां गुपितच झाली; आणि या खेपेस तें गुपित शाळेनेंच राखलें, असें म्हणावें लागेल.