पुण्यात स्ट्रायकर का टिकत नाही?

मागच्या वेळी आपण मुंबईच्या ऑफिस संघांच्या फुटबॉलपर्यंत आलो होतो. तेव्हा नेव्हिल डिसूझांचा विषय निघाला होता. गोव्याचे, पण मुंबईत खेळलेले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई ठरले. पण ते काही व्यावसायिक फुटबॉलपटू नव्हते. तेव्हा खेळाडूला नोकरी असायची आणि त्या नोकरीमुळे खेळता यायचं. आज आपण त्याच्या उलट काळाकडे जाऊ. खेळ हीच नोकरी, आणि गोल हे त्या नोकरीतलं काम. ठिकाण पुणे.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणू. २०१४ची दिवाळी नुकतीच होऊन गेली आहे. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, जे मुळात १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. मैदानावर एफसी पुणे सिटी नावाचा कोरा करकरीत संघ आहे आणि त्याच्या आघाडीला डेव्हिड त्रेझेगे उभा आहे. आपल्यातल्या तरुण मंडळींना हे नाव कदाचित नुसतं ऐकून माहीत असेल. जन्म फ्रान्सचा, वाढला अर्जेंटिनात. मोनाकोकडून मोठा झाला. १९९८ला विश्वविजेत्या फ्रान्सच्या संघात होता. २००० साली युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याने गोल केला आणि इटली तिथल्या तिथे हरली, कारण तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता. नंतर दहा वर्षं युव्हेंटस, तिथे १७१ गोल. संघाला शिक्षा होऊन दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं तरी तो सोडून गेला नाही. आणि २००६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये ज्याचा चेंडू आडव्या खांबाला लागला, तोही हाच.

पुण्यात आला तेव्हा तो सदतीस वर्षांचा झाला होता. इथे नऊ सामने खेळला, दोन गोल केले, आणि जानेवारी २०१५मध्ये निवृत्त झाला. म्हणजे एका थोर स्ट्रायकरच्या कारकिर्दीचं शेवटचं पान पुण्यात लिहिलं गेलं. आम्हाला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. शेवटचं पान कुठेतरी लिहावंच लागतं. पण पुढच्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला, तोही उतरणीला लागलेला. २०१६ला आइसलँडच्या आयडुर गुडयॉन्सनची घोषणा झाली, आणि तो तर दुखापतीमुळे एकही सामना न खेळता गेला. तीन वर्षं, तीन मोठी नावं. पोस्टरवर छान दिसणारी.

याचा दोष एकट्या पुण्याला देऊन चालणार नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामांत मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू उतरवता येत. आता प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सहा परदेशी हाताशी आहेत, तर कुठे लावाल? गोल करणाऱ्या जागेवर, बचावाच्या मधोमध, आणि मधल्या फळीत. भारतीय मुलाला मिळणार बाजूची जागा, म्हणजे विंगर किंवा साइड बॅक. हे काही नव्या लीगने सुरू केलं असंही नाही. त्याआधी आय-लीगमध्ये २०१२-१३ला दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या पुणे एफसीचंही तसंच होतं. गोल करायला दक्षिण सुदानचा जेम्स मोगा होता, नेदरलँड्सचा मुस्तफा रिगा होता. तरी एक गोष्ट पुणे एफसीच्या खात्यावर जमा करायलाच हवी. मिझोरमचा जेजे लालपेखलुआ, जो पुढे भारताचा प्रमुख स्ट्रायकर झाला, तो कोवळ्या वयात याच क्लबात होता. पण तो मोठा झाला तो दुसरीकडे, डेम्पो, मोहन बागान, चेन्नई असं करत.

आता एका मुलाची गोष्ट. अनिकेत जाधव, जन्म २०००, गाव कोल्हापूर, वडील रिक्षाचालक. कोल्हापूरला फुटबॉल कसा खेळतात हे ज्यांनी शाहू स्टेडियमवर पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे क्लबांची नावंच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. तालीम म्हणजे खरं तर कुस्तीची जागा. पेठेची अब्रू आधी लाल मातीत राखली जायची, मग ती चेंडूवरही आली. सामना संपल्यावर रस्त्यावर काय काय होतं ते पोलिसांना विचारा! पण याच कोल्हापुरात मोठ्या स्पर्धांना नायजेरियाचे खेळाडू तालमींच्या जर्सीत उतरताना दिसतात, आणि त्यांना कुठे खेळवतात? बहुतेक वेळा पुढेच. म्हणजे गल्लीतलं गणितही बालेवाडीसारखंच.

अनिकेत पुण्यात आला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. मग पुणे एफसीच्या अकादमीत. तिथून सतरा वर्षांखालच्या भारतीय संघात. २०१७ला हा विश्वचषक भारतात झाला आणि भारत पहिल्यांदाच फिफाच्या एखाद्या विश्वचषकात खेळला. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. आकडे वाईट दिसतात, पण या मुलांनी नेहरू स्टेडियम भरवलं होतं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २९ नोव्हेंबरला, हीच बहुतेक मुलं 'इंडियन ॲरोज' म्हणून आय-लीगमध्ये उतरली. गोव्यात बांबोळीला चेन्नई सिटीविरुद्ध सामना. ॲरोज ३-० जिंकले. त्यातले दोन गोल अनिकेतचे. संघात एकही परदेशी नाही, कारण तो संघच भारतीय पोरांचा होता. स्ट्रायकरची जागा रिकामी होती आणि कोल्हापूरच्या मुलाने ती भरली. आम्हाला वाटतं, या व्याख्यानाचा सगळा मुद्दा त्या एका संध्याकाळी दिसतो.

नंतर तो इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये तीन महिने प्रशिक्षणाला गेला. इथे पुणेकरांनी कान टवकारावेत. ब्लॅकबर्न २०१० पासून वेंकीजच्या मालकीचा आहे, म्हणजे कोंबड्यांच्या धंद्यातल्या पुण्याच्या कंपनीचा. पुण्याचा पैसा इंग्लंडचा क्लब चालवतो, आणि पुण्यात काय चाललं होतं तेव्हा?

क्लब एकामागून एक बंद पडत होते. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१५ला एक हंगाम खेळून आटोपला. पिरामल समूहाचा पुणे एफसीही त्याच सुमारास गुंडाळला गेला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर लीगमधून दिसेनासा झाला. राहिला पुणे सिटी. त्याचा २०१७-१८चा हंगाम मात्र खरोखर देखणा होता. उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्हो या जोडीने मिळून १७ गोल केले, आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध ०-०. परतीच्या सामन्यात १-३ हार, आणि बंगळुरूचे तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. म्हणजे परदेशी आघाडी घेऊन गेलेल्या पुण्याला बाहेर काढलं ते एका भारतीय स्ट्रायकरने. हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येईल. आम्ही सोडत नाही, कारण छेत्रीला ती जागा वर्षानुवर्षं सलग मिळाली होती. गोल करणं ही सवयीची गोष्ट आहे, आणि जागा मिळाल्याशिवाय सवय लागत नाही.

२०१९ला मालक अडचणीत आले आणि पुणे सिटी संपला. त्याची लीगमधली जागा नव्या हैदराबाद एफसीला मिळाली.

याच वर्षी अनिकेत जमशेदपूरला गेला. दोन हंगामांनी, २०२१ला, कुठे? हैदराबादला. मार्च २०२२मध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादने केरळा ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून लीग जिंकली. कोल्हापुरात जन्मलेला, पुण्यात घडलेला आघाडीवीर विजेत्या संघात होता, आणि तो संघ उभा होता पुण्याने रिकाम्या केलेल्या जागेवर. त्याच महिन्यात त्याला वरिष्ठ राष्ट्रीय संघाचं पहिलं बोलावणं आलं. पण एव्हाना तो स्ट्रायकर राहिला नव्हता. व्यावसायिक क्लबांत त्याला जास्त करून विंगवर खेळवलं गेलं. हैदराबादच्या त्या संघात मधोमध नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता आणि तो गोलांचा पाऊस पाडत होता. त्याला कोण बसवणार? पुढे अनिकेत ईस्ट बंगालला, मग ओडिशाला गेला.

कुणी विचारेल, आता परदेशी खेळाडूंची संख्या कमी झालीच ना? झाली. आधी पाच, २०२१-२२ पासून मैदानावर चारच. नियम बदलला, हे चांगलंच. पण चारांतला एक अजूनही बहुतेक क्लब पुढेच उभा करतात. आणि पुण्यापुरतं बोलायचं तर हा प्रश्नच उरत नाही, कारण वरच्या लीगमध्ये पुण्याचा क्लबच नाही. पुण्याच्या जागी आलेला हैदराबाद एफसीदेखील २०२५ला दिल्लीला हलवला गेला. बालेवाडीचं मैदान जागेवर आहे आणि क्रीडा प्रबोधिनीही चालू आहे. कोल्हापूरहून पुण्याला निघणारी एसटी तर आहेच. पुढच्या वेळी आपण त्या एसटीच्या दुसऱ्या टोकाला, तालमींच्या कोल्हापुरात जाऊ आणि शाहू महाराजांच्या काळापासून सुरुवात करू. प्रश्न असतील तर आत्ता घेऊ.