हँडल हातासाठी

शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की मोटरसायकलींचं एक प्रदर्शनच बघायला मिळतं. भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे मुंबईची हौशी मंडळी आपल्या गाड्या बोटीत घालूनच अलिबाग-मुरूडकडे येतात. लोक गाडीचा रंग बघतात, आवाज ऐकतात. माझं लक्ष मात्र पहिल्यांदा हँडलकडे जातं. त्याचं कारण शेवटी सांगतो.

मोटरसायकल ही मुळात सायकलची लेक. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ साली विक्रीसाठी गाड्या बनवायला सुरुवात केली, तेव्हा हँडल सायकलचंच होतं. पुढे रस्ता आणि वापर बदलला तसं हँडलही बदललं. पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या एस कॅफेबाहेर जमणाऱ्या तरुणांना वेग हवा होता. त्यांनी हँडल खाली आणलं आणि वारा चुकवायला ते टाकीवर ओणवे झाले. अमेरिकेत नेमकं उलट घडलं. तिथल्या हौशी लोकांनी हँडल इतकं उंच नेलं, की हात खांद्याच्याही वर जावेत. फांदीला लोंबकळणाऱ्या माकडावरून त्याला ‘एप हँगर’ असं नाव पडलं. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ते जगभर पोचवलं.

आपल्याकडे निवडीचा प्रश्नच नव्हता. गाडी मिळाली हेच भाग्य! १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट इथे तयार होऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरहून जावा येऊ लागली, तिचीच पुढे येझदी झाली. राजदूत गावोगाव दूधवाल्यांची गाडी झाली. या गाड्यांची हँडलं आडवी, रुंद, किंचित मागे वळलेली असत. पाठ ताठ ठेवून, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून माणूस दिवसभर हिंडू शकत असे. १९७३ साली ‘बॉबी’ आला आणि त्यातल्या छोट्या राजदूतला लोक ‘बॉबी’च म्हणू लागले. त्यानंतर गाडी आपल्याला शोभते का, असा प्रश्न आमच्या पिढीला पडू लागला.

मलाही पडला. आमच्या अण्णांची येझदी होती. नोकरीच्या निमित्ताने ते मुरूड तालुक्यातली गावं पालथी घालत. १९८१ साली आमच्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. एका मिस्त्रीकडून मी जुनं हँडल कापून घेतलं आणि दोन्ही बाजूंना पाइपचे तुकडे वेल्डिंग करून ते वीतभर उंच केलं. अण्णांनी पाहिलं आणि ते फक्त हसले. आरशात स्वतःला बघत मी आठवडाभर गाव फिरलो.

एक गोष्ट मात्र मी पाहिली नव्हती. हँडल उंच झालं, पण ॲक्सिलरेटरची केबल होती तेवढीच राहिली. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. एके दिवशी अण्णांना मागे बसवून धक्क्यावर गेलो आणि गाडी वळवायला हँडल पूर्ण फिरवलं. केबल ताणली गेली, इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडीने उडी मारली. मी खरचटण्यावर सुटलो. अण्णा दगडी फरशीवर उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ पुन्हा पुरती वळली नाही. त्यानंतर त्यांनी येझदी चालवली नाही, एसटीनेच फिरत राहिले. मला ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, “अरे, हँडल हातासाठी असतं.”

ते वाक्य मी पुढे फार वर्षांनी समजून घेतलं. गाडीवर बसल्यावर खांदे सैल हवेत, कोपर थोडं वाकलेलं हवं आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ हवं. हँडल फार खाली असेल तर अंगाचा भार तळहातावर येतो आणि बोटांना मुंग्या येतात. फार उंच असेल तर हात भरून येतात. रुंद हँडलने कच्च्या रस्त्यावर गाडी सहज आवरते, तर अरुंद हँडल गर्दीत बरं पडतं. हँडल बदललं, की केबल, ब्रेकची नळी आणि वायरिंग यांची लांबी बघावीच लागते. दोन्ही बाजूंना ते पूर्ण फिरवून, काही ताणत नाही ना, टाकीला अडत नाही ना, हे गाडी उभी असतानाच तपासायचं.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. क्रोमच्या मुलाम्याला बारीक टिपके पडतात आणि गंज आतून पाइप खात जातो. वेल्डिंगचा सांधा तर आधी जातो. म्हणून जोडलेलं हँडल वापरूच नये.

आज बाजारात हवं ते हँडल मिळतं. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांना मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा खर्च करण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

गेल्या दिवाळीत पुतण्या नवी गाडी घेऊन आला. “काका, हँडल उंच करायचंय,” म्हणाला. मी नको म्हटलं नाही. माळ्यावरून ते जुनं, गंजलेलं हँडल काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि तुम्हाला सांगितली तीच हकिगत त्याला सांगितली. तो बराच वेळ वेल्डिंगच्या सांध्यावरून बोट फिरवत बसला. मग गाडीवर बसला, डोळे मिटले, हात सैल सोडले आणि म्हणाला, “काका, माझे हात नेमके कुठे येतात, ते जरा बघता का?”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)