जात आणि जोगवा

वाईला दक्षिण काशी म्हणतात. कृष्णेच्या घाटावर रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, नदीकाठानेच थोडं पुढे गेलं की मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, गावात प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश. सगळा थाट शास्त्राचा आणि ग्रंथांचा. याच तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाई आहे. पौष पौर्णिमेच्या जत्रेला तिथे लाखोंनी माणसं चढतात, हलगी कडाडते आणि ज्याच्या त्याच्या अंगात येतं. मिशीवाला गडीही त्या भरात बाईसारखा घुमतो, देवी होऊन बोलतो. त्याला कुणी हसत नाही, उलट पाया पडतात.

बाईपण अंगावर घेणाऱ्या पुरुषाला सातारा-सांगलीच्या मुलखात जागा नव्हती, असं नाही. होती. पण ती कुठली, त्याला किती मान आणि किती भाकरी, हे त्याच्या जातीवरून ठरे.

मराठेशाहीत हिजड्यांना गावोगावी ठरलेला हक्क होता. काहींकडे सनदा होत्या, काहींकडे इनाम. दारात मागायला येणारा माणूस तेव्हा भिकारी नव्हता, हक्कदार होता. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि इंग्रज अधिकारी कागद तपासायला बसले. असल्या लोकांना सरकारने पोसायचं का, हा त्यांचा सवाल होता. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ च्या एका निबंधात दख्खनच्या दप्तरांतून ही हकिगत मांडली आहे. तिचं सार इतकंच, की कागदावरचा हक्क गेला आणि मागणं तेवढं उरलं.

रंगभूमीवर हाच भेद आणखी उघड दिसतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगली संस्थानात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत होते. पुढे याच जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या राजहंस घराण्यातले नारायणराव बालगंधर्व झाले. त्यांचं नेसणं, त्यांची नथ, त्यांचा अंबाडा पाहून घरंदाज बायका तसंच नटू लागल्या. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच काळात त्याच मुलखात तमाशाच्या फडात महारा-मांगांची पोरं लुगडं नेसून नाचत होती. त्यांना नाच्या म्हणत. गालावर तीच लाली आणि पायात तेच चाळ, पण बालगंधर्वांच्या नावाने नाट्यगृह उभं राहिलं आणि नाच्या ही शिवी झाली. मराठी सिनेमात गणपत पाटलांनी ही भूमिका इतकी चोख वठवली, की लोक पडद्याबाहेरही त्यांच्याकडे त्याच नजरेने बघायचे. संसारी माणसाला त्याचा ताप आयुष्यभर झाला.

जातीची ही भिंत उलट्या बाजूने ओलांडणारे पठ्ठे बापूरावही इथलेच, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. जन्माचं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून तमाशात गेले आणि पवळा या महार कलावतीबरोबर फड गाजवला. जातीने त्यांना वाळीत टाकलं, पण शाहीर म्हणून त्यांचं नाव राहिलं. नाच्या पोरांपैकी किती नावं राहिली?

देवीच्या दारी हिशोब वेगळा वाटतो, पण फार वेगळा नाही. मिरज, जत, कवठे महांकाळकडून सौंदत्तीच्या यल्लमाला जाणारी वाट जुनी आहे. एखाद्या पोराचं चालणं-बोलणं बायकी असलं, त्यातून केसात जट आली, की घरचे म्हणतात, देवीने ओढलं. मग गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधतात, लुगडं नेसवतात आणि तो जोगता होतो. डोक्यावर परडीत देवीचा जग, कपाळाला भंडारा, काखेत चौंडकं. हे वाद्य म्हणजे एका तोंडाला कातडं मढवलेली पोकळ नळी. कातड्यातून आरपार ओवलेली तार ताणून छेडली की ते घुमतं. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायचा. मार्गशीर्षात रांडाव पुनवेला देवीबरोबर बांगड्या फोडायच्या, माघात अहेव पुनवेला पुन्हा भरायच्या.

आईबापांना यात एक सोय होती. पोरगं ‘असं’ का, याला उत्तर मिळे. पोराला मात्र लग्न नाही, संसार नाही आणि बहुतेकदा जमिनीत वाटाही नाही. जोगते अनेक जातींतून येत. पण त्यांच्याबरोबर देवीला सोडलेल्या पोरी बहुतेक दलित घरांतल्या, आणि त्यातल्या कित्येकींची वाट सौंदत्तीहून थेट शहरातल्या वेश्यावस्तीत जाई. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली, तेव्हा हा प्रश्न चव्हाट्यावर आला. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जग आतून लिहिलं. त्यांवर बेतलेल्या ‘जोगवा’ या सिनेमातल्या जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जातीविरुद्धचा लढाही याच मातीतला. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. ‘गुलामगिरी’ हे १८७३ चं पुस्तक त्यांनी अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केलं. भीमराव आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्यांनी १९४६ मध्ये काळ्या अमेरिकेचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखाचं नातं सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने संघटनेला नावच दलित पँथर दिलं, ब्लॅक पँथरवरून. तिच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाखाली भूमिहीन, कामगार, स्त्रिया, धर्माच्या नावाने पिळले जाणारे सगळे आले. जोगता आणि नाच्या वेगळे आले नाहीत.

त्याआधी एकदा मात्र जातीविरुद्धचा लढा आणि लैंगिकतेचा प्रश्न या दोन वाटा कोर्टात भेटल्या होत्या. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या कामविषयक शंकांना उघड उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नावर लिहिणं म्हणजे अश्लील नव्हे, आणि लोक विचारत असतील तर उत्तर का द्यायचं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. महाड आणि काळारामाचे सत्याग्रह लढवलेला माणूस या खटल्यात उभा राहिला होता, ही गोष्ट पुढे बरीच वर्षं चळवळीच्या भाषणांत फारशी आली नाही.

अमेरिकेतही गाडं इथेच अडलं होतं. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा ज्याने आखला, तो बायर्ड रस्टिन काळा आणि समलिंगी होता. गांधीवाद समजून घ्यायला तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. मोर्चाच्या तोंडावर एका गोऱ्या सिनेटरने त्याची जुनी अटक सभागृहात उकरून काढली. काळ्यांच्या चळवळीतल्याही काहींना तो मागेच राहिलेला बरा वाटत असे. १९७० मध्ये ब्लॅक पँथरच्या ह्युई न्यूटनने समलिंगींच्या चळवळीशी दोस्ती करा, असं आपल्याच लोकांना जाहीर बजावलं. दलित पँथरने ब्लॅक पँथरचं नाव उचललं ते त्यानंतर दोन वर्षांनी, पण हे पान काही इकडे आलं नाही.

ते पान इकडे लिहिलं गेलं ते पुढच्या पिढ्यांकडून. सांगलीत नव्वदच्या दशकात ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू झालं आणि त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. देवदासी म्हणून सोडलेल्या बायकाच तिच्या कार्यकर्त्या झाल्या. धंदा करणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांची ‘मुस्कान’ ही संघटना त्याच कामाची दुसरी फांदी. २०१५ च्या दिल्लीतल्या प्राइड मोर्चात काही तरुणांनी आपण दलित आणि समलिंगी आहोत, असं उघड सांगितलं. इंद्रधनुषी झेंड्याखालीही आडनाव विचारलं जातं, हे त्यांचं म्हणणं अनेकांना झोंबलं. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळच्या गावकऱ्यांनी ज्ञानदेव ऊर्फ माउली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं. कवयित्री दिशा पिंकी शेख २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून बोलू लागल्या. जात आणि लिंग यांची गाठ एकत्र सोडवा, ही मागणी आता निळ्या झेंड्याच्या व्यासपीठावरूनही ऐकू येते.

कायद्याचं गाडं मात्र रकान्यात रुतलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी ही ओळख मान्य केली आणि त्यांना मागासवर्ग धरून आरक्षण द्या, असं सांगितलं. मग जन्माने अनुसूचित जातीत असलेल्या तृतीयपंथी व्यक्तीने काय करायचं? जातीचा दाखला लावला तर दुसरी ओळख वाया, दुसरी लावली तर जातीचा हक्क सोडा. म्हणून मागणी आहे समांतर आरक्षणाची, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत वेगळा वाटा. महाराष्ट्रात पोलिस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी हा पर्याय यावा म्हणूनच २०२२ मध्ये न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय गाठावं लागलं. वाढीव आरक्षण देणं अवघड आहे, असं सरकारने २०२३ मध्ये न्यायालयात सांगितलं. कर्नाटकाने २०२१ मध्येच सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गात १ टक्का समांतर आरक्षण लागू केलं होतं. त्यामुळे निपाणीच्या दलित जोगत्याला अर्जात दोन्ही ओळखी लिहिता येतात. सीमेपलीकडच्या मिरजेतून त्याच सौंदत्तीला जाणाऱ्याला त्यातली एक निवडावी लागते.